सुलतान आणि गल्लीचा हौद

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझ्या नावावर भूतदया खपवणार नाही. अहमदपूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, आणि आवारात कुत्रं शिरलं की पहिला खडा माझाच असतो. सुलतान माझा नव्हताच मुळी. तो माझ्या मोठ्या भावाचा, बसूदादाचा. दहावीला दादाला मार्क चांगले पडले तेव्हा अप्पा खुशीत म्हणाले, "बोल, काय पायजे?" दुसऱ्या कुणी सायकल मागितली असती. पण दादाच्या क्लासमधल्या कुणा इंजिनिअरच्या पोराकडे लॅब्रॅडॉर होता, म्हणून यालाही लॅब्रॅडॉरच हवा. मग नांदेडहून पुठ्ठ्याच्या खोक्यात बिस्किटाच्या रंगाचं, जाड पंजांचं एक पिल्लू आलं. दादानं त्याचं नाव सुलतान ठेवलं, चार दिवस त्याला कडेवर घेऊन गल्लीभर मिरवलं, आणि पाचव्या दिवशी अकरावीचे क्लास सुरू झाले. त्या दिवसापासून सुलतान माझ्या गळ्यात पडला. मी तक्रार केली तेव्हा आई म्हणाली, "तुला काय काम हाय गं सुमे? त्याला डॉक्टर व्हायचं हाय."

लातूरच्या जुन्या भागातल्या त्या गल्लीत आमचं घर म्हणजे एक ओसरी, तीन खोल्या आणि पुढं फरशीचं अंगण. अप्पांचं मार्केट यार्डात तूर-हरभऱ्याच्या अडतीचं दुकान. ते पहाटे आंघोळ करून, कपाळभर भस्म लावून पाटावर बसत, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घेत आणि त्यावर तांब्यातल्या पाण्याची बारीक धार धरत. त्या तांब्याचं पाणी वेगळं भरून ठेवलेलं असे. त्याला घरात कुणी हात लावायचा नाही, आणि कुत्र्यानं तर त्या बाजूला बघायचंही नाही. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं, त्यामुळे या विलायती जनावराला काय घालायचं यावर आईनं फार विचार केला नाही. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून द्यायची, नाहीतर वरण-भात. तो ते सगळं दोन मिनिटांत फस्त करायचा आणि माझ्याकडे असं बघायचा की मीच त्याच्या ताटातलं खाल्लंय. पोळपाटावरचा कणकेचा गोळा, वाळत घातलेले सांडगे, शेंगदाण्याच्या चटणीची वाटी, काही म्हणता काही सुटलं नाही. बंद दाराआड दादा जीवशास्त्राची उत्तरं मोठ्यानं घोकत असे, बाहेर सुलतानाचं जाड शेपूट पत्र्याच्या पिंपावर धाडधाड वाजत असे, आणि आई ओरडे ती माझ्यावर. "सुमे, त्याला आवर की! पोरगा अभ्यास करून राहिलाय!" त्याच वर्षी माझीही दहावी होती. ही गोष्ट घरात बहुतेक मला एकटीलाच माहीत होती.

पण खरं वैर पाण्यावरून. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, उन्हाळ्यात तर दहा-बारा दिवसांनी. पाण्याचा दिवस म्हणजे युद्धाचा दिवस. मोटार घरघरायला लागली की गल्लीत पाइपांची जाळी पसरायची, कुणाचा पाइप कुणी तुडवला यावरून आया-बहिणींचा उद्धार व्हायचा, आणि मी फ्रॉक कमरेला खोचून पिंपांच्या रांगेत उभी असायची. हे कुत्रं असं की मोटारीचा आवाज ऐकला की त्याला वेड लागायचं. पाण्याची धार दिसली की तोंड घालायचं, बादली दिसली की पंजा, घमेलं दिसलं की अख्खं आत बसायचं. बाकीची कुत्री पाण्याला भितात. याला मासा करायचं देवाकडून बहुतेक चुकून राहून गेलं होतं. भरत आलेल्या पिंपात त्यानं पुढचे दोन्ही पाय टाकले की ते पाणी पिण्यातून बाद. मग आई मला बोलणार, मी त्याला चपलेनं हाणणार, आणि तो मार खाऊन झाल्यावर तीच चप्पल तोंडात धरून माझ्या पायाशी आणून ठेवणार. त्याचा मला जास्तच संताप यायचा. माणसानं मनापासून मारावं आणि समोरच्यानं ते मनावरच घेऊ नये, याइतकं चिडवणारं काही नाही.

त्याच्या कानातून घाण वास यायला लागला तेव्हा मीच त्याला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर देवणी जातीच्या बैलांच्या खुरांत रमलेले गृहस्थ. त्यांनी सुलतानाचे कान उलटे करून पाहिले, पंजाची बोटं फाकवली आणि मला बोटांमधलं कातडं दाखवलं. "ह्ये बघ पोरी, बदकासारखं हाय. ह्याला देवानं पोहायलाच केलंय. ह्याला रोज पळीव, आठवड्यातून एकदा तरी पोहू दे. आन् पाण्यातून काढलं की कान कापसानं कोरडे कर, न्हाईतर असेच नासतेत." मी म्हणाले, डॉक्टर, पोहायला पाणी कुठंय? ते हसले. "ते बी खरंच हाय. मग लातूरला कशाला आणलं ह्याला?" हा प्रश्न दादाला विचारायचा होता. मी मात्र घरी येऊन कापूस मागितला. तेव्हापासून रोज पहाटे सुलतानाला घेऊन मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यानं पळायचं, परत येऊन भांडी विसळलेल्या पाण्यात त्याला पुसायचं, आणि मान मांडीत दाबून कान कोरडे करायचे, हे माझं काम झालं. आंघोळ म्हणावी तर दोन तांबे त्याच्या अंगावर नुसतेच ओघळून जात. वरचे केस तेलकट, आतली लव कोरडीच्या कोरडी. हे सगळं मी रागारागानं केलं, पण एक दिवसही चुकवलं नाही. राग आणि नियम यांचं माझ्यात पहिल्यापासून चांगलं जमतं, माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

आमच्या अंगणाखाली जमिनीत एक मोठा हौद होता. उन्हाळ्यात नळ पूर्ण बंद झाला की टँकर यायचा आणि त्या हौदात रिकामा व्हायचा. गल्लीतल्या चार घरांचं पिण्याचं पाणी तेच. बायका सकाळ-संध्याकाळ घागरी घेऊन येत, दोर लावलेल्या बादलीनं शेंदून नेत. हौदाला लोखंडी पत्र्याचं झाकण होतं आणि त्यावर एक पाटा ठेवलेला. झाकण लावून पाटा ठेवायचा, ही जबाबदारीही अर्थातच माझी. त्या वर्षी मेच्या सुरुवातीला नळ पंधरा दिवस आला नव्हता. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता आणि हौद छातीएवढा भरला होता. दादाची मोठी परीक्षा अगदी तोंडावर आली होती. क्लासच्या सराव परीक्षेत त्याला मार्क फार कमी पडले होते, त्यामुळे घरात सुतक असल्यासारखं सगळे हळू बोलत होते. दुपारी आई आत पडली होती. मी ओसरीवर गहू निवडत होते. दादा खोलीतून बाहेर आला, डोळे लाल, दाढीचे खुंट वाढलेले. त्यानं पाटा सरकवला, झाकण उघडलं, सुलतानाच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि म्हणाला, "जा, कर मजा."

मी ओरडायला हवं होतं. मी ओरडले नाही, ही या प्रकरणातली माझी चूक, आणि ती मी कबूल करते. मी झाकणाशी गेले तेव्हा तो आत पोहत होता. दोन वर्षं मी त्याला बादलीत, घमेल्यात, चिखलात बघितलं होतं. पोहताना पहिल्यांदाच बघितलं. एरवी ज्याच्या प्रत्येक हालचालीत काहीतरी सांडायचं, तो पाण्यात जरासुद्धा धसमुसळेपणा करत नव्हता. नाक वर, शेपूट मागं सरळ, अंधाऱ्या हौदात तो शांतपणे फेऱ्या घालत होता. दादा काठावर बसून हसत होता. वर्षभरात तो हसलेला मी पाहिला नव्हता. मग सुलतान दमला आणि काठाशी आला. गुळगुळीत सिमेंटवर त्याची नखं घसरायला लागली. त्याला बाहेर कसं यायचं ते कळेना. दादा गुडघ्यापर्यंत पाय आत सोडून त्याला ओढायला लागला, जमेना, घाबरला. शेवटी मी कपड्यांसकट आत उतरले, त्या पस्तीस किलोच्या धुडाखाली खांदा लावला आणि त्याला वर ढकललं. तो बाहेर पडला, अंग झाडलं, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या शांताकाकू घागर घेऊन फाटकातून आत आल्या.

पुढच्या पंधरा मिनिटांत गल्ली गोळा झाली. शांताकाकूंनी घागर फरशीवर आपटली. "कुत्र्याचं पाणी पाजून राहिले व्हय आमाला? आमच्या घरात बी देव हायेत!" कुणी म्हणालं हौद बाटला, कुणी म्हणालं ह्यांच्या पोरांना लई माज आलाय. अप्पांना दुकानातून बोलावून आणलं. ते आले, ओल्या फरशीकडे बघितलं, हौदात डोकावले. पाण्यावर केस तरंगत होते. सकाळच्या पूजेचा तांब्याही त्याच पाण्यानं भरायचा होता. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "झाकण कुणी उघडलं?" मी दादाकडे बघितलं. दादा भिंतीकडे बघत होता, त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. आई दारात उभी होती. तिनं आधी ती पँट बघितली, मग मला बघितलं, नखशिखान्त ओली. "ह्या पोरीनंच," आई म्हणाली. "दुसरं कोण उघडणार? तिचंच काम हाय ते." मी तोंड उघडलं, तर आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा वण आठ दिवस गेला नाही. अप्पांनी सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. त्यांनी मला आयुष्यात मारलं ते तेवढं एकदाच.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी मी हौद उपसला. पाणी फेकलं वगैरे काही नाही. ज्या तोंडांनी ते बाटलं म्हटलं होतं, त्याच घरांनी ते धुण्याला, फरशीला, बाथरूमला बादल्या भरभरून नेलं. शांताकाकूंनी सगळ्यात जास्त नेलं. अप्पांनी नवा टँकर मागवला आणि गल्लीला शब्द दिला की कुत्रं इथं राहणार नाही. देगलूरकडे पोचीराम नावाचा त्यांचा ओळखीचा शेतकरी होता, तूर घेऊन यार्डात यायचा. त्याच्या शेतात नवं शेततळं झालं होतं. सगळ्यांना ते ऐकून फार बरं वाटलं. आईसुद्धा म्हणाली, "चांगलंच झालं की. पाणी आवडतंय ना त्याला, मग पव म्हणावं दिवसभर." मी अप्पांना सांगितलं, त्याला पाण्यातून बाहेर येता येत नाही. अप्पा म्हणाले, "तू बोलू नको." दादा त्याच्या खोलीत होता. सुलतानाला निरोप द्यायलाही तो बाहेर आला नाही.

माझ्याशिवाय सुलतान गाडीत चढेना, म्हणून मला न्यावं लागलं. पिकअपच्या मागच्या बाजूला मी आणि तो, पुढं ड्रायव्हरशेजारी अप्पा. उदगीर मागं पडल्यावर पाट्यांवर मधूनच तेलुगू अक्षरं दिसायला लागली आणि मला वाटायला लागलं की आम्ही त्याला परदेशात सोडायला निघालो आहोत. पोचीरामचं शेततळं रस्त्याला लागूनच होतं, मोठ्या खळ्याएवढं, चारी बाजूंनी उतार आणि त्या उतारांवर काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. कुंपणाचं फाटक उघडंच होतं. सुलतानानं पाणी बघितलं आणि दोरी माझ्या हातातून निसटली, तळवा सोलून गेली. "रा रा कुक्का!" पोचीराम कुत्र्याला तेलुगूत बोलावत खुशीत टाळ्या पिटायला लागला. सुलतान दोन फेऱ्या मजेत फिरला. तिसऱ्या फेरीला तो काठाला लागला, पुढचे पाय कागदावर टाकले आणि घसरून मागं गेला. परत आला, परत घसरला. मग दुसऱ्या काठाला गेला, तिथंही तेच. मी ओरडले, त्याला काढा. पोचीराम म्हणाला, "काय होत न्हाई ताई. मागच्या उन्हाळ्यात एक वासरू गेलं ह्याच्यात, पण ते बारकं होतं. कुक्का येतंय की आपल्या आपण." सुलतानाचं नाक आता पाण्याच्या बरोबरीला आलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि वाट बघत होता की मी खाली येऊन खांदा लावीन. मला पोहता येत नव्हतं.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी अप्पांच्या समोर उभी राहिले आणि त्या परक्या माणसादेखत किंचाळले, "झाकण दादानं उघडलं होतं! मी न्हाई! त्यानं उघडलं आन् मरून राहिलंय हे!" अप्पा म्हणाले, "ठाऊक हाय मला." मग त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, पोचीरामला बैलाचा कासरा आणायला लावला, एक टोक कुंपणाच्या खांबाला बांधलं, दुसरं कमरेला, आणि पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी ते त्या काळ्या कागदावरून घसरत पाण्यात उतरले. छातीपर्यंत पाणी होतं. गळ्यातली चांदीची डबी पाण्यात बुडाली. त्यांनी दोन्ही हातांनी सुलतानाला कवटाळलं, तो त्यांच्या खांद्यावर पंजे टाकून लटकला, आणि मी आणि पोचीराम कासरा ओढत राहिलो. दोघं वर आले तेव्हा कोण जास्त धापा टाकतंय ते कळत नव्हतं. मी ओढणीच्या टोकानं सुलतानाचे कान कोरडे केले, कारण ती सवय होती. अप्पा पोचीरामला म्हणाले, "न्हाई जमायचं इथं." एवढंच.

परत येताना अप्पा माझ्याबरोबर मागं बसले. ओलं कुत्रं आमच्या दोघांच्या पायांवर पसरून झोपलं होतं. मला वाटलं, आता ते म्हणतील, चुकलं माझं. सोळा वर्षांची होते, असं वाटायचं वय होतं. अप्पा म्हणाले, "कुत्रं ऱ्हाऊ दे घरी. गल्लीला मी बघून घेतो. पण झाकण तूच उघडलं व्हतंस. बसूची परीक्षा होईपर्यंत तरी. त्याच्या मनावर काय आलं तर तो लिहायचा न्हाई." मग त्यांनी विचारलं, "कबूल?" मी सुलतानाकडे बघितलं आणि म्हणाले, "हाव." हौदाला अप्पांनी कुलूप बसवलं, चावी शांताकाकूंच्या कमरेला दिली आणि गल्ली गप्प झाली. परीक्षा झाली. दादाला मेडिकलला प्रवेश मिळाला, पेढे वाटले गेले. माझं नाव काही त्या झाकणावरून कुणी काढलं नाही. अप्पांनी पुन्हा तो विषय काढला नाही आणि मीही शब्द मोडला नाही. सुलतान त्यानंतर नऊ वर्षं जगला. मी त्याला रोज पळवलं, रोज कान पुसले. त्यातली शेवटची दोन वर्षं मी डी.एड. होऊन नोकरीला लागलेली होते आणि अहमदपूरहून दर शनिवारी एसटीनं फक्त त्याच्यासाठी घरी जायचे. ह्याला प्रेम म्हणायचं असेल त्यानं म्हणावं, मी म्हणणार नाही.

अप्पा जाऊन आता सहा वर्षं झाली. दादाचं नांदेडला मोठं हॉस्पिटल आहे. मागच्या दिवाळीत आम्ही सगळे त्याच्याकडे जमलो होतो. जेवणं झाल्यावर त्यानं पोरांना हौदाची गोष्ट सांगायला घेतली. ही गोष्ट तो नेहमी सांगतो आणि छान सांगतो. शांताकाकूंचा आवाज तर हुबेहूब काढतो. "तुमच्या ह्या आत्यानं अख्ख्या गल्लीला कुत्र्याचं पाणी पाजलं असतं," तो म्हणाला, आणि पोरं खदखदून हसली. मी म्हणाले, "दादा, झाकण तू उघडलं होतंस." तो हसत माझ्याकडे वळला. "काहीतरीच काय? मी तर अभ्यास करत होतो." मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याचा राग धरला होता, तो माणूस तिथं नव्हताच.

मग मी आईकडे वळले. ती दिवाणावर बसून सुपारी कातरत होती. तिचे कान अजून चांगले आहेत. मी म्हणाले, "आई, सांग त्याला." आईनं अडकित्ता बाजूला ठेवला. "त्यानंच उघडलं व्हतं," ती म्हणाली. आई त्याच्याशी बोलत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "मी तुझं नाव घेतलं. ते कच्चं लेकरू व्हतं, मोडून गेलं असतं. तू सोसशील, हे मला ठाऊक व्हतं."

"न्हाई सोसलं, आई," मी म्हणाले.